चार नंबरच्या खान्यातलं कार्ड

वच्छलाबाई चक्रम आहेत, असं ऑफिसात सगळ्यांचं मत होतं, आणि ते बाईंच्या कानावर जाऊ नये याची कुणी फारशी काळजीही घेत नसे. कामाला बाई वाघ. पण समोर फॉर्म आला की बिथरल्याच. नाव लिहायच्या, हुद्दा लिहायच्या, जन्मतारीख लिहायच्या, आणि ‘कुटुंबातील व्यक्ती’ हा रकाना आला की पेनाला टोपण लावून कागद परत करायच्या. शिरगणतीवाला असो की गॅसच्या नंबरवाला, सगळ्यांना दारातच विचारायच्या, "हे कायच्यासाठी इचारून राहिले? अन् त्याच कामाले वापरान, हे कोन सांगते?" बिचाऱ्या शिरगणतीच्या मास्तराकडे याचं उत्तर कुठून असणार? तो शेजाऱ्यांना विचारून रकाना भरायचा आणि पुढच्या घरी जायचा.

पंच्याऐंशी साली सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या सरकारी खात्यात पडद्याचे कॉम्प्युटर आले. समजावून सांगायला बाहेरून एक तरुण साहेब आला होता. पोरगा चांगला होता, बोलायचाही गोड. म्हणाला, "एकदा तुमची माहिती आत गेली की झालं. पगार, रजा, कर्ज, पेन्शन, सगळं त्याच एका ठिकाणाहून निघेल. पुन्हा पुन्हा सांगायला नको." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या खुर्चीवरून वच्छलाबाई उठल्या.

"साहेब, ज्या कामासाठी माहिती दिली ते काम संपलं की ती पुसली जाते का?"

"पुसायची कशाला मॅडम? उद्या दुसऱ्या कामाला येईल की."

"त्याचाच मले भेव वाटते," म्हणून बाई खाली बसल्या, आणि हॉल हसला.

हसणाऱ्यांचा दोष नाही. त्यातले बहुतेक नंतर लागलेले. शोभाताई आणि आणखी दोघं-तिघं जुने होते, ते हसले नाहीत. त्यांनी अडुसष्ट सालची वच्छला पाहिली होती. त्या वेळी अख्ख्या इमारतीत मशीनची बाजू घेऊन भांडणारी ती एकटी होती.

वच्छला मूळची काटोलची. वडील संत्रा बाजारात एका अडत्याकडे माल मोजायला होते. तिथे भाव ठरायचा तो रुमालाखाली. अडत्या आणि व्यापारी एकमेकांचा हात रुमालाखाली धरायचे, बोटं दाबायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा राहून दोघांच्या तोंडाकडे पाहत राहायचा. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन गेली की वच्छलाला तो रुमाल ओढून काढावासा वाटायचा. जे झाकून होतं ते खोटं, असं तिच्या डोक्यात तिथेच पक्कं बसलं. माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट दहाव्या वर्षी बसली की ती काढायला पुढे फार किंमत मोजावी लागते.

टायपिंगची परीक्षा पास होऊन ती नागपूरला नोकरीला लागली, तेव्हा खात्यात परदेशातून नवी मशीनं आली होती. प्रत्येक माणसाचं एक जाड कार्ड. त्या कार्डावर अक्षरं नव्हे, भोकं. कुठल्या रकान्यात कुठल्या आकड्यावर भोक आहे, त्यावरून मशीनला सगळं कळायचं. एका मशीनवर वच्छला भोकं पाडायची. दुसऱ्या मशीनवर शोभाताई तीच माहिती परत बडवून तपासायच्या. आणि तिसरं होतं सॉर्टर. त्याला रकाना सांगितला की ते पत्ते वाटावे तशी कार्डं भराभर खान्याखान्यात टाकायचं. शून्यवाले शून्याच्या खान्यात, एकवाले एकाच्या.

बाहेर युनियनचे लोक दारावर उभे राहून घोषणा द्यायचे. मशीन पोटावर पाय देणार म्हणायचे. मशीन रूमच्या पोरींना कँटीनमध्ये कुणी जागा द्यायचं नाही. तिथे वच्छला उभी राहून वाद घालायची, आणि जीभ काही कमी तिखट नव्हती. "आस्थापनेतले बाबू तोंड पाहून टिळा लावतात. ओळखीच्याची रजा शिल्लक राहते, परक्याची उडून जाते. मशीन कोणाचं तोंड पाहते का? कार्ड उजेडासमोर धरा, आरपार दिसते. त्यात लपवाछपवी नाही." तिला खरोखरच कार्ड उजेडासमोर धरायला आवडायचं. तिच्या मते तो बिनरुमालाचा बाजार होता.

त्याच वर्षी सगळ्या कर्मचाऱ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला. मुलांच्या शाळेच्या फीमध्ये सवलत द्यायची होती, त्यासाठी कुणाला किती मुलं हे हवं होतं. वरती तसं ठळक छापलंही होतं. फॉर्मांचे गठ्ठे वच्छलाच्या टेबलावर आले. एक दिवस भोकं पाडता पाडता तिचा हात थांबला. देवराव, स्टोअर्समधले कारकून, राहणार सक्करदरा. विवाहित की अविवाहित? अविवाहित. मुलं? चार.

ती हसत सुटली. फॉर्म घेऊन स्टोअर्समध्ये गेली. वायरींच्या भेंडोळ्यांमागे एक उंच, किरकोळ माणूस बसून बल्ब मोजत होता.

"तुमी देवराव? लग्न झालं नाई म्हनता, अन् लेकरं चार कशी?"

त्याचे कान लाल झाले. "आमच्या दादाची हायेत ते."

हळूहळू त्याने सांगितलं. गाव पारशिवनीकडलं. थोरला भाऊ विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेला. वहिनी त्या वेळी पोटुशी होती. मुलगी झाली आणि बाळंतपणातच तीही गेली. देवराव चारही लेकरं नागपुरात घेऊन आला, आणि त्यांचं करायला विधवा आत्या, प्रयागबाई.

"मंग ते तुमची लेकरं नाई ना," वच्छला म्हणाली.

"मंग कोनाची?" त्याने विचारलं. भांडायला म्हणून नव्हे. त्याला खरंच कळत नव्हतं. "शाळेत मास्तरनं बापाचं नाव इचारलं. तिथं मी उभा होतो, माहं नाव लेहून देल्लं. आत्या म्हनते, घरातली लेकरं वाटून मोजत नसतात. मले फीची माफी नसन देत तं नका देऊ. पन आकडा चारच हाय."

वच्छला परत आली आणि शोभाताईंना विचारलं. शोभाताई वयाने आणि नोकरीने मोठ्या. त्या म्हणाल्या, "फॉर्मवर चार आहे ना? मग चार मार. आपल्याला भोकं पाडायचा पगार आहे, पंचायत करायचा नाही." वच्छलाने चारावर भोक पाडलं. त्या दिवसापासून डबा खायला ती स्टोअर्सच्या बाजूच्या व्हरांड्यात जाऊ लागली. पुढचं सांगायला नकोच.

लग्नाला मात्र पाच वर्षं लागली. काटोलचे लोक म्हणत, चार लेकरांच्या घरी पोरगी देण्यापेक्षा विहिरीत ढकललेली बरी. पण वच्छला हटली नाही, आणि त्र्याहत्तर साली ती सक्करदऱ्याला तलावामागच्या दोन खोल्यांत नांदायला आली. तिने स्वतःच्या हाताने देवरावचं कार्ड नवं केलं. अविवाहितचं भोक गेलं, विवाहितचं आलं. शोभाताई तपासताना म्हणाल्या, "चला, आता तरी मशीनचा हिशेब जुळला." सगळ्यांनी पेढे खाल्ले.

घरात थोरली पुष्पलता तेरा वर्षांची, मग दोन पोरं, आणि शेंडेफळ यमू, सहा वर्षांची. चौघंही देवरावला बाबा म्हणत. हे प्रयागबाईंनी लावलेलं वळण. थोरल्या तिघांना खरा बाप चांगला आठवत होता. त्यांना प्रयागबाईंनी जवळ बसवून सांगितलं होतं, "लहानी जोवर पुसत नाई तोवर सांगाचं नाई. तिनं माय नाई पाह्यली, बाप नाई पाह्यला. एक तरी असू द्या तिले." तिघांनी ते मनोभावे पाळलं. यमूच्या समजुतीप्रमाणे तिची आई देवाघरी गेली होती आणि बाबांनी नवी आई आणली होती. बाबा मात्र पहिल्यापासूनचे. ती संध्याकाळी फाटकाशी उभी राहून देवरावच्या सायकलची वाट पाहायची आणि त्याचा डबा स्वतः हातात घेऊन घरात यायची. पुढच्या वर्षी प्रयागबाई वारल्या, पण वळण तसंच राहिलं.

वच्छलाचा त्या लेकरांवर जीव होता. खोटं कशाला बोला? पण दुसरीही गोष्ट खरी होती, आणि तीही लपवण्यात अर्थ नाही. तिला स्वतःचं मूल हवं होतं. शेजारच्या बाया पाठीमागे तिला सावत्र म्हणायच्या, ते तिला लागायचं. पंच्याहत्तर साली दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात सगळं वाहून गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर थांबा, अंगात रक्त भरू द्या, मग होईल. वच्छला शेंगदाणे-गूळ खात होती, दवाखान्याच्या गोळ्या खात होती आणि थांबली होती. त्या वर्षी तिला दुसरं काहीच सुचत नव्हतं.

मग शहात्तर साल आलं. आणीबाणीचे दिवस. खात्याला वरून आकडा आला, इतक्या नसबंद्या या महिन्यात. तीन किंवा जास्त मुलं असलेल्या प्रत्येक पुरुष कर्मचाऱ्याने ऑपरेशन करून दाखला आणायचा, नाहीतर पगार बंद. कोणाला किती मुलं हे शोधायला पूर्वी बाबूंना दोन महिने लागले असते. त्या दोन महिन्यांत चार जणांनी रजा काढली असती, दोघांनी बदली करून घेतली असती, एखाद्याने बाबूच्या घरी संत्र्याची पेटी पोचवली असती. आता तसलं काही नको होतं. साहेब मशीन रूममध्ये आले आणि म्हणाले, "फीच्या सवलतीची ती कार्डं काढा. मुलांचा रकाना लावा. तीनच्या खान्यापासून पुढचे सगळे मला द्या."

सॉर्टरवर वच्छलाच होती. रकाना तिने लावला. कार्डं सळसळत पडू लागली. दुपारच्या चहाच्या आत काम झालं. खाने रिकामे करताना चार नंबरच्या खान्यातली चळत तिने हातात घेतली आणि वरचा छापील नंबर वाचला. तो नंबर तिला पाठ होता.

ती एक कार्ड सहज काढू शकली असती. पदर होता, पर्स होती, कुणी पाहत नव्हतं. पण आठ वर्षं ती कँटीनमध्ये उभी राहून ओरडली होती की मशीन तोंड पाहत नाही. आता नवऱ्याचं तोंड पाहायचं? तिचा हात उचलेना. शिवाय तिला वाटलं, यात चोरी कशाची? खरं सांगितलं की संपलं. मुलं भावाची आहेत, भाऊ मेलेला आहे, गाव सगळं साक्षीला आहे. इतकी सरळ गोष्ट कुणालाही कळेल. बाई हुशार होती, पण सरकारी सत्य आणि साधं सत्य यांचा गोतावळा वेगवेगळा असतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने चळत साहेबांच्या टेबलावर ठेवली.

घरी आल्यावर तिने देवरावला सगळं सांगितलं. "उद्याच पारशिवनीले जा. दादाच्या मौतीचा दाखला आना, लेकराइच्या जन्माचे आना. त्यात बापाचं नाव दादाचं असन. साहेबाले दाखवलं की कार्ड बदलून टाकू."

देवराव बूट काढत होता. दोन्ही बूट त्याने भिंतीशी लावून ठेवले. मग म्हणाला, "अन् शाळेत?"

"शाळेतबी बदला लागन."

"चौघाइचं?"

"चौघाइचंच. त्यात का झालं?"

"यमूचंबी?"

देवराव उठून मागच्या अंगणात गेला.

तो पारशिवनीला गेला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. सकाळी सायकल काढायचा आणि ऑफिसला जायचा. यादी नोटीस बोर्डावर लागली. त्याच्या नावावरून लोक बोट फिरवून जायचे. पहिली तारीख आली आणि त्याचा पगार झाला नाही. वच्छलाच्या पगारावर सात तोंडं नसली तरी सहा होतीच. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर सकाळी, लेकरं शाळेत गेल्यावर, दोघांचं लग्नानंतरचं पहिलं मोठं भांडण झालं.

"तुमी काहून जात नाई?" वच्छला म्हणाली. "एक दाखला आनाचा हाय. माह्या लेकराचं काय मंग? मले एकबी नको का?"

"मले का नको वाटते?" देवराव म्हणाला. "पन मी सरकारी कागदावर लेहून देऊ, का हे लेकरं माही नाई? माह्या सहीनं? ते कागद शाळेत जाईन. मास्तर वर्गात नाव पुकारन. यमू घरी येऊन इचारन, बाबा, माहं नाव काहून बदललं. काय सांगू मी तिले?"

"खरं सांगा."

"नऊ वर्साच्या पोरीले?"

"मंग मी काय करू? जलमभर दुसऱ्याचीच लेकरं पाहू?"

हे तिच्या तोंडून गेलं आणि तिलाच ऐकवेना. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिच्या बाबतीत पूर्वीही झालं होतं, पण या घरात कधी नाही. देवरावने तिच्याकडे पाहिलं, डबा घेतला आणि निघून गेला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

मग वच्छलाने ठरवलं, हा जात नाही तर मी करते. नवऱ्याला न सांगता तिने साहेबांना अर्ज दिला. मुलं दिराची आहेत, माझ्या पतीचं एकही अपत्य नाही, चौकशी व्हावी. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "वच्छलाबाई, मला तुमचं पटतं. पण मी उद्या वर काय दाखवू? कार्डावर चार आहे. शाळेत देवराव नाव आहे. शिवाय भावाची मुलं होती तर स्वतःची म्हणून लिहून आठ वर्षं सवलत घेतली, हा दुसराच मामला झाला. तो मी काढत नाही. पण चौकशीला माणूस पाठवतो. मुलांनी सांगितलं तर बघू."

साहेबांनी दाखवलेली मेहेरबानी ही अशी होती. जी माहिती फी माफ करायला मागितली, ती आता माणूस कापायला वापरत होते, आणि खोटेपणाचा आळ येत होता तो देणाऱ्यावर. वच्छला तरीही आशेवर राहिली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात.

चौकशीचा माणूस एका दुपारी आला. रविवार होता. थोरले तिघं बाहेर गेले होते. यमूला ताप होता म्हणून ती खाटेवर गोधडी घेऊन पडली होती, आणि देवराव तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होता. माणूस पन्नाशीचा, घामाने भिजलेला. त्यालाही दिवसाला ठरलेली घरं करायची होती. त्याने पाणी मागून घेतलं, कागद मांडीवर ठेवला आणि वच्छलाचा अर्ज मोठ्याने वाचू लागला. एक ओळ वाचल्यावर देवरावने त्याला हाताने थांबवलं. मग वच्छलाकडे पाहिलं. अर्जाचं त्याला तेव्हा कळलं.

"मोठी मुलं नाहीत का घरात? पुन्हा यायला मला जमणार नाही. हिलाच विचारतो," माणूस म्हणाला आणि खाटेकडे वळला. "बेटा, नाव काय तुझं?"

"यमुना देवराव," यमू म्हणाली. शाळेत शिकवतात तसं पुरं.

"आणि बाबांचं नाव?"

यमू तापातही हसली. एवढं सोपं कुणी विचारतं का? "देवराव."

"हेच का तुझे बाबा?"

"हो." तिने देवरावचा हात धरला.

माणसाने मान हलवली आणि लिहायला पेन टेकवलं. वच्छला दाराला धरून उभी होती. त्या पेनाखाली तिचं मूल जात होतं, तिला ते दिसत होतं. आणखी दोन अक्षरं आणि संपलं. पुढे ती म्हणायची, मी ठरवून काही केलं नाही. ठरवून कोण करतं? ती ओरडलीही नाही. साध्या आवाजात म्हणाली, "यमू, हे तुहे बाबा नाईत. तुहे बाबा तू व्हायच्या आधी मेले. हे काका हायेत तुहे. सांग त्याइले."

यमूने आधी वच्छलाकडे पाहिलं. मग देवरावकडे. नवी आई खोटं बोलतेय, असं बाबा आता म्हणतील म्हणून ती वाट पाहत राहिली. देवरावने तोंड उघडलं आणि त्याला काही बोलता आलं नाही. यमू नऊ वर्षांची असली तरी तिला अक्कल होती. तिने हात सोडला आणि गोधडी तोंडावर ओढून घेतली.

चौकशीचा माणूस खाकरला. "बाई, शाळेत देवराव, कार्डावर देवराव, पोरगी स्वतःच्या तोंडाने देवराव म्हणाली. उलट तुम्ही एकट्या म्हणता. सावत्र आईच्या सांगण्यावर मी काय लिहू? उद्या मला विचारतील."

"तिले कसं माहीत असन? तिले कोनी सांगतलंच नाई," वच्छला म्हणाली.

"ते खरं असेल. पण त्याला रकाना नाही."

तेव्हा देवराव बोलला. ओली पट्टी अजून त्याच्या हातातच होती. "लेहा साहेब. चारही माहीच हायेत. कुठं सही कराची ते दाखवा."

वच्छलाने त्याचा हात धरला नाही. आता धरून काय उपयोग होता? जे वाचवायला तो एवढे दिवस गप्प राहिला, ते तिने एका वाक्यात घालवलं होतं, आणि त्या वाक्याने तिच्याही पदरात काही पडलं नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं. माणूस सही घेऊन पुढच्या घरी गेला.

पुढच्या सोमवारी ऑफिसची गाडी सगळ्यांना शिबिराला घेऊन गेली. एका शाळेच्या वर्गात बाकं जोडून टेबलं केली होती. संध्याकाळी देवराव रिक्षाने घरी आला. पायऱ्या चढताना त्याने भिंतीचा आधार घेतला. वच्छलाने पुढे होऊन हात दिला तो त्याने घेतला, नाकारला नाही. त्याचा राग कधीच मोठ्याने नसायचा. तो खाटेवर पडला. दाखला त्याने खिशातून काढून तिच्याकडे दिला, उद्या ऑफिसात दे म्हणाला, म्हणजे पगार सुटेल.

यमूचा ताप उतरला होता. आठवडाभर ती देवरावशी बोलली नव्हती. त्याला हाकच मारली नव्हती. बोलायचंच झालं तर पुष्पलताकडून निरोप पाठवायची. संध्याकाळी फाटकाशीही उभी राहत नव्हती. त्या दिवशी मात्र तो वेदनेने कण्हत होता ते तिला ऐकवलं नसावं. ती माठाकडे गेली, पेला भरला आणि जपून धरत खाटेपाशी आली. आधी नुसतीच उभी राहिली. काय म्हणून हाक मारायची ते ठरत नव्हतं. वच्छला स्टोव्हपाशी होती. तिने हातातलं काम थांबवलं आणि कान दिला. देवरावनेही डोळे उघडले होते.

"काका, पानी," यमू म्हणाली.

देवरावने कोपरावर उठून पेला घेतला, सगळं पाणी प्यायला आणि रिकामा पेला तिला परत दिला. मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

थोरले तिघं इतकी वर्षं यमूसाठीच बाबा म्हणत आले होते. आता त्याची गरज उरली नाही. महिनाभरात एकेक करून तेही काका म्हणू लागले. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नव्हतं. पण त्या घरात बाबा म्हणणारं मग कुणी राहिलं नाही, आणि आता कुणी येणारही नव्हतं.